रॅकवरचं जग आणि रस्त्यावरचं हैदराबाद

हैदराबादच्या बारकस वस्तीतली वरात लवकर निघत नाही. फंक्शन हॉलबाहेर मरफ्याची पार्टी मात्र आधीपासून उभी असते. कुणाच्या हातात दफ, कुणाच्या गळ्यात मरफा नावाचाच ढोल, एकाकडे स्टीलचं भांडं, आणि वाजवायला थापी म्हणतात त्या लाकडी पट्ट्या. नौशा, म्हणजे नवरदेव, बाहेर आला की चुलते, मामे, मित्र गोल धरतात. कुणी काठी फिरवतो, कुणी जंबिया उगारल्यासारखा हात वर नेऊन खांदे उडवतो. तीन ठोक्यांभोवती घोटाळणारी ही लय अख्खं शहर ‘तीनमार’ म्हणून ओळखतं. नाचणारे बेभान असतात, वाजवणारे मुळीच नसतात. नोटा कुणाच्या हातात आहेत, याकडे त्यांचं लक्ष असतं. नवरदेवावरून ओवाळलेली नोट ज्या कोपऱ्यातून येईल तिकडे दफ वळतो, लय चढते, आणि ओवाळणी आटली की पार्टी चार पावलं पुढे सरकते.

‘जग’ हे सूत्र धरून अंक काढायचा म्हटल्यावर संगीताच्या वाट्याला ‘वर्ल्ड म्युझिक’ येणार हे उघड होतं. या शिक्क्याबद्दलचे गैरसमज लंडन-पॅरिसातही मोजता येतील, पण ते तपासून बघायला हैदराबादइतकं सोयीचं शहर शोधून सापडणार नाही. इथे येमेनच्या किनाऱ्यावरून आलेले ठोके आहेत, दिल्लीहून आलेले कव्वाल आहेत, पुण्याच्या वळणाचा सार्वजनिक गणेशोत्सव आहे, तेलंगणच्या खेड्यांतला हलगीसारखा डप्पू आहे आणि ऑस्करपर्यंत गेलेलं सिनेमाचं गाणं आहे. गंमत म्हणजे 2019 साली युनेस्कोने ‘सर्जनशील शहरां’च्या यादीत हैदराबादला घेतलं ते खाद्यसंस्कृतीसाठी, संगीतासाठी भारतातून वाराणसी, चेन्नई आणि ग्वाल्हेर यांची वर्णी लागली आहे. बिर्याणीपुढे दफाचं काय चालणार!

या शहरातल्या रस्त्यांवर, दर्ग्यांत आणि लग्नघरांत जे ऐकू येतं त्यावरून एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. ‘वर्ल्ड म्युझिक’ हा शिक्का प्रत्येक संगीताला एकच प्रश्न विचारतो: तू कुठून आलास? प्रत्यक्षात संगीत चालतं ते वेगळ्याच प्रश्नांवर. कोणत्या प्रसंगाला वाजतं, कोण वाजवतो, पैसे कोण देतो आणि थांबायचं कधी हे कोण ठरवतो? शिक्क्याभोवतीचे बहुतेक गैरसमज पहिला प्रश्न मोठा करून बाकीचे गिळल्यामुळे झाले आहेत.

लंडनच्या पबमधली बैठक

पहिला गैरसमज असा, की ‘वर्ल्ड म्युझिक’ हा संगीताचा एखादा प्रकार आहे, जसा जॅझ किंवा ख्याल. अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठात रॉबर्ट ब्राउन यांनी साठच्या दशकात हे शब्द अभ्यासक्रमाच्या संदर्भात वापरले होते, पण बाजारात ते रूढ झाले 1987 च्या उन्हाळ्यात. लंडनच्या ‘एम्प्रेस ऑफ रशिया’ नावाच्या पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं आणि काही पत्रकार जमले. त्यांची अडचण रोकडी होती. मालीचा गायक, बल्गेरियातल्या बायकांचं समूहगान, पाकिस्तानची कव्वाली यांच्या रेकॉर्डी दुकानदाराला कुठे लावाव्यात ते कळत नसे, म्हणून त्या मागच्या खोक्यात पडत आणि विकल्या जात नसत. जमलेल्यांनी दोन-चार नावांवर चर्चा केली, एक निवडलं, वर्गणी काढली आणि दुकानांच्या रॅकवर लावायला पट्ट्या छापून घेतल्या.

म्हणजे नाव जन्माला आलं ते रॅकसाठी. यात लबाडी नव्हती, पण रॅकची एक खोड असते. ज्यात काय ठेवायचं नाही एवढंच ठरलेलं असतं, त्यात उरलेलं सगळं येतं. इंग्रजीतला पॉप, रॉक, जॅझ आणि युरोपचं अभिजात संगीत वगळल्यावर जे राहील ते ‘जग’ झालं. ग्रॅमीने या नावाचा पुरस्कार सुरू केला आणि 1992 मध्ये तो पहिल्यांदा दिला ‘प्लॅनेट ड्रम’ या अल्बमला. त्यात झाकीर हुसेन आणि घटमचे विक्कू विनायकराम होते खरे, पण अल्बम होता ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकी रॉक बँडचा ड्रमर मिकी हार्ट याचा. पुढे 1999 मध्ये डेव्हिड बर्न या संगीतकाराने न्यू यॉर्क टाइम्समध्ये या शिक्क्यावर कडाडून लेख लिहिला, आणि त्याने स्वतःच अशा रेकॉर्डींची कंपनी काढलेली असल्यामुळे तो गाजलाही. 2020 मध्ये वसाहतवादी वास येतो म्हणून ग्रॅमीने ‘वर्ल्ड’ काढून ‘ग्लोबल’ केलं. 2024 मध्ये ‘शक्ती’ या बँडला मिळाला तो या नव्या नावाचा पुरस्कार. पाटी बदलली, रॅक तोच राहिला.

हे सगळं गोऱ्यांचं दुखणं, आपल्याला त्याचं काय, असं कुणी म्हणेल. पण आपल्याकडेही रॅक आहेत. ‘लोकसंगीत’ या खणात आपण गोंधळ, लावणी, कोळीगीत आणि जात्यावरची ओवी एकत्र कोंबतो. त्यातली एक कला पैसे घेऊन देवीच्या दारात होते, एक फडावर तिकिटावर चालते, एकीचा बराचसा आजचा आवाज कॅसेट कंपन्यांनी घडवला आहे आणि चौथी ऐकायला कुणी श्रोताच नसे. हैदराबादच्या तारांकित हॉटेलांत होणारी ‘सूफी नाइट’ हा असाच देशी खण आहे. त्याकडे पुढे येऊ.

दोन वंशावळी, एक ठोका

मरफा कुठला, असं हैदराबादेत विचारलं तर दोन उत्तरं मिळतात आणि दोन्ही ठासून दिली जातात. बारकस ही शहराच्या दक्षिणेला, चांद्रायणगुट्ट्याजवळ, निजामाच्या अरब शिपायांच्या बराकींची वस्ती. हे शिपाई बहुतेक येमेनच्या हद्रमौत भागातले. त्यांना इथे चाऊस म्हणतात, आणि मराठवाड्याच्या वाचकाला हे आडनाव सांगायला नको. औरंगाबाद, परभणी, नांदेड इथे चाऊस घराणी आहेत, कारण 1948 पर्यंत हा सगळा एकाच संस्थानाचा मुलूख होता. हद्रमौतशी हैदराबादचं नातं केवळ नोकरीचं नव्हतं. शिहर आणि मुकल्ला ही बंदरं राखणाऱ्या कुऐती सुलतानांचं घराणं हे मूळ निजामाच्या फौजेतल्या जमादारांचं. त्यांचं राज्य 1967 पर्यंत टिकलं आणि त्याला बळ पुरवलं ते हैदराबादेत कमावलेल्या पैशाने. तेव्हा मरफा आमचा, असं बारकस म्हणतं. दुसरीकडे मासाब टँकजवळ ए. सी. गार्ड्स नावाची वस्ती आहे. हे निजामाचं आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स, वनपर्तीच्या राजाकडून निजामाकडे आलेलं सिद्दी घोडदळ. जंजिऱ्यामुळे सिद्दी मराठी माणसाला परके नाहीत. मरफ्याची लय मूळ आफ्रिकेची, ती सिद्द्यांनी आणली, असं या वस्तीचं म्हणणं.

खरं कोणाचं? खुद्द हद्रमौतच्या बंदरांत शतकानुशतकं आफ्रिकी वंशाची वस्ती आहे. म्हणजे ‘अरबी की आफ्रिकी’ हा वाद जहाज हैदराबादच्या दिशेने निघण्याआधीच अवघड होऊन बसला होता. हद्रमौतचे लोक पूर्वेलाही गेले. इंडोनेशियात जकार्त्याच्या बेतावी लोकांत लग्नाला आणि धार्मिक प्रसंगांना ‘मरावीस’ नावाचा छोट्या ढोलांचा ताफा वाजतो, तो याच स्थलांतराचं अपत्य. एका किनाऱ्याहून निघालेली सवय दोन टोकांना दोन वेगळी संगीतं झाली, आणि दोन्हीकडे ती आता ‘स्थानिक परंपरा’ आहे. यातलं मूळ शुद्ध कोणतं हे शोधत बसणारा माणूस कधीच घरी पोचणार नाही.

परंपरा जितकी जुनी आणि भेसळीविना तितकी अस्सल, हा दुसरा गैरसमज इथे ढिला पडतो. पुण्याच्या मिरवणुकीतला ताशा घ्या. उत्तर हिंदुस्थानात हेच वाद्य मोहरमच्या मिरवणुकांत वाजायचं. 1845 नंतर मळ्यांवर गिरमिटिया म्हणून गेलेल्या मजुरांनी ते त्रिनिदादला नेलं आणि आज तिथला ‘तासा’ कॅरिबियन म्हणून जगभर दाखवला जातो. तिकडेही वाजवण्याआधी ताशाचं कातडं जाळावर शेकतात. पुण्यातला ताशेवाला आणि त्रिनिदादचा तासावाला यांच्यापैकी कुणालाही आपलं वाद्य उसनं वाटत नाही, आणि तसं वाटण्याचं कारणही नाही.

मरफ्याचं खरं स्थलांतर तर हैदराबादच्या आतच झालं. फौजा मोडल्या. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर कित्येक अरब नजरकैदेत गेले, काहींची परत पाठवणी झाली, आफ्रिकन गार्ड्स बरखास्त झाले. ज्यांना तलवार बाळगण्याचा पगार मिळत होता त्यांच्या मुलांना रिक्षा, फळविक्री, आखाती देशांतली नोकरी असं काहीही धरावं लागलं. दरबारी मानाच्या प्रसंगी वाजणारा मरफा त्याच काळात भाड्याने मिळणारा झाला. कुणाच्याही लग्नात, हिंदूंच्याही. निवडणूक जिंकलेल्या उमेदवाराच्या मिरवणुकीत, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. ‘लष्करी वारसा’ म्हणून त्याचं कौतुक करणाऱ्याला हा उतार वाटेल. मला वाटतं, तो टिकला तो याच उतारामुळे. गिऱ्हाईक वाढलं म्हणून वाजवणारे उरले.

बारकसपासून बालापूर फार लांब नाही. तिथल्या गणपतीच्या लाडवाचा लिलाव दर वर्षी बातम्यांत असतो. अनंत चतुर्दशीला बालापूरहून निघणारी मुख्य मिरवणूक चांद्रायणगुट्टा, फलकनुमा, चारमिनार, मोअज्जम जाही मार्केट करत हुसेनसागरला जाते. सार्वजनिक गणपतीची कल्पना इकडे आली ती महाराष्ट्राकडून. खैरताबादचा प्रसिद्ध गणपती 1954 चा. पण मिरवणुकीत मुख्य आवाज पुण्याच्या ढोलाचा नसतो. डप्पू, बँड आणि स्पीकरच्या भिंती, सगळे तीनमार ठोकत असतात. हाच ठोका आषाढात बोनालूच्या जत्रेत पोतराजूच्या नाचामागे असतो. (पोतराजू म्हणजे आपला पोतराज नव्हे, पण कोरडा दोघांच्याही हाती असतो.) आता हा ठोका अरबी म्हणायचा, आफ्रिकी म्हणायचा, की मादिगा समाजाच्या डप्पूचा? नाचणाऱ्यांतला कुणीही हा प्रश्न विचारत नाही, आणि त्याला अज्ञान म्हणता येणार नाही. त्यांना हवी ती माहिती, म्हणजे आता पाय कसा टाकायचा, ठोक्यात पुरेपूर आहे.

गुरुवारची चौकी

कव्वाली म्हणजे सर्वधर्मसमभावाचं, प्रेमाचं, डोळे मिटून ऐकायचं आध्यात्मिक संगीत, हा गैरसमज सगळ्यांत लाडका. तो अर्धा खरा आहे म्हणूनच चिवट आहे. नामपल्लीच्या दर्गा यूसुफैनमध्ये गुरुवारी कव्वाल बसतात तेव्हा त्या बैठकीला रचना असते. हम्द, नात, मग मनकबत, म्हणजे आधी ईश्वर, मग पैगंबर, मग हजरत अली आणि सिलसिल्याचे संत. कुणाचं नाव कुणाआधी घ्यायचं हे ठरलेलं. सज्जादानशीन, म्हणजे दर्ग्याचा प्रमुख, किंवा कुणी बुजुर्ग मध्यभागी असतो. श्रोत्याला एखादी ओळ भिडली तर तो उठून नजराणा देतो, पण थेट गायकाला नव्हे. आधी बुजुर्गापुढे अदब, मग नोट कव्वालापर्यंत. एखाद्यावर ‘हाल’ चढला तर ज्या ओळीने चढला तीच ओळ कव्वालाने धरून ठेवायची, तो भानावर येईपर्यंत सोडायची नाही. हा नियम पाळायचा म्हणजे पुढची बंदिश बाजूला ठेवायची, वेळेचा हिशोब सोडायचा. म्हणजे कव्वालीचा आकार गायक एकटा ठरवत नाही, समोरचे ठरवतात, आणि कव्वालाचं कसब समोरच्या चेहऱ्यांवरून नेमकं काय धरायचं हे ओळखण्यात असतं. रेगुला कुरेशी या अभ्यासकांनी 1986 साली आपल्या ग्रंथात हेच तपशिलात मांडलं: बैठकीतली प्रत्येक पुनरावृत्ती हा श्रोत्यांशी चाललेला व्यवहार आहे.

महोत्सवाच्या मंचावर पाऊण तासाची वेळ असते, श्रोते अंधारात, तिकीट आधीच काढलेलं. तिथे कव्वाल जे देतो ते उत्तम संगीत असू शकतं, पण त्याला ‘अध्यात्माचं अस्सल रूप’ म्हणणं हा विनोद आहे, कारण जो व्यवहार त्याला अध्यात्म बनवतो तोच काढून टाकलेला असतो. ‘सूफी नाइट’मध्ये तर संतांची नावं आणि क्रमही गळतात, उरतो तो झुलणारा ठेका आणि ‘मस्ती’.

या युक्तिवादाला हैदराबादेतच एक चोख उत्तर मिळतं. इथलं वारसी घराणं दिल्लीच्या कव्वाल बच्चा परंपरेचं. 1857 नंतर दिल्ली उजाड झाली तेव्हा हे पूर्वज निजामाच्या आश्रयाला आले. अझीझ अहमद खान वारसींना 1971 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्यांचे नातू नसीर आणि नझीर, म्हणजे वारसी ब्रदर्स, यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. हे घराणं दर्ग्यात गातं तसंच सभागृहातही गातं आणि त्यांना त्यात विटाळ वाटत नाही. रागदारीची त्यांची तयारी अशी, की ख्यालाच्या श्रोत्यालाही मान डोलवावी लागते. मग मंचावरची कव्वाली खोटी कशी? खोटी नाहीच. ती वेगळी नोकरी आहे. एकच वकील दिवाणी आणि फौजदारी दोन्ही दावे लढवतो, म्हणून दोन्ही कोर्टांचे नियम एक होत नाहीत. गायकाला फरक पक्का ठाऊक असतो. रॅक लावणाऱ्याला नसतो.

आणि कव्वालीतली पेटी? ती तर फ्रान्समधून आली. देबेन यांनी तिचं पेटंट घेतलं पॅरिसमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीत. हाताने भाता मारायची, मांडी घालून वाजवायची आवृत्ती कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी बनवली. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिला परकी आणि बेसुरी म्हणून दाराबाहेर ठेवलं. त्या तीन दशकांत दर्ग्यांनी तिला बाहेर काढलं नाही. संगीत नाटकाच्या ऑर्गनवर पोसलेल्या मराठी कानाला यात नवल वाटू नये.

बायकांचं गाणं कोणत्या रॅकवर?

रेकॉर्डींच्या दुकानात ‘हैदराबाद’ या नावाखाली जे सापडेल ते बहुतेक पुरुषांचं असेल. शहरातला एक फार मोठा गाण्याचा साठा मात्र आतल्या खोलीत आहे: ढोलक के गीत. मांझा, सांचक, मेंदी या लग्नाआधीच्या विधींना बायका ढोलक घेऊन बसतात आणि दखनीत गातात. विषय असतात समधन (म्हणजे विहीण), नणंद, सासू, नवऱ्याची ऐट. शिव्यांच्या काठाकाठाने जाणारी थट्टा असते, आणि तिच्या आडून असं काही सांगितलं जातं जे एरवी तोंडावर बोलता येत नाही. आपल्याकडे विहिणीच्या पंगतीत म्हणायच्या गाण्यांचं काम हेच होतं. गाणारीला ‘कलाकार’ म्हटलं तर ती हसेल. आवाज फुटका असला तरी चालतो, पण कोणत्या समधनीला कोणतं गाणं लावायचं हे चुकून चालत नाही.

जगाच्या संगीतात हा भाग सगळीकडे सर्वांत मोठा आणि सगळ्यांत कमी ऐकलेला आहे. दख्खनमध्ये त्याचा एक विलक्षण पुरावा आहे. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरच्या ग्रंथात दखनीतल्या चक्कीनाम्यांचा आणि चरखानाम्यांचा शोध घेतला. दळताना, सूत कातताना बायकांनी म्हणायच्या या गीतांतून सूफी विचार घराघरांत गेला, असं त्यांचं प्रतिपादन. त्याच पठारावर, तशाच जात्यावर, मराठी बाई ओवी म्हणत होती. हेमा राईरकर आणि गी पोयटवाँ यांच्या प्रकल्पात अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. भाषा दोन, धर्म दोन, पण मनगट आणि दगड तोच, त्यामुळे ओळीची लांबीही त्याच कामाने बांधलेली. ‘इस्लामी संगीत’ आणि ‘मराठी लोकगीत’ असे दोन खण केले की हे नातं दिसेनासं होतं. विठ्ठलरावांचंही तसंच. शाहजादे मोअज्जम जाह यांच्या दरबारात पोरवयात गायलेला, 2015 मध्ये वारलेला हा हैदराबादचा गजलगायक उर्दू गजल जन्मभर गायला. नावावरून रॅक शोधणाऱ्याने त्याला कुठे लावलं असतं?

बायकांचं गाणं मंचावर आलं की काय होतं तेही इथे दिसतं. नवरात्रात तेलंगणच्या बायका फुलांची चळत मधे ठेवून बतुकम्माभोवती फेर धरतात, अगदी भोंडल्यासारखा. 2014 मध्ये वेगळं राज्य झालं, बतुकम्मा राज्याचा सण झाला, आणि 2016 मध्ये एल. बी. स्टेडियमवर हजारो बायकांनी फेर धरून गिनीजमध्ये नोंद केली. हे भोंगळ प्रदर्शन आहे असं म्हणणं सोपं. पण वेगळ्या राज्याच्या चळवळीत याच फेराने बायकांना रस्त्यावर आणलं होतं. चौथा गैरसमज इथला: लोकांचं गाणं म्हणजे भाबडं, राजकारणापलीकडचं. ज्या शहरात खांद्यावर घोंगडं टाकून लोकगायक गद्दर गायले, 1997 मध्ये गोळ्या झेलूनही पुढे गात राहिले आणि 2023 मध्ये वारले, तिथे हा समज टिकत नाही. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या महाराष्ट्राला तो कधीच परवडला नव्हता.

ज्याला संगीत म्हणायचं नाही

मोहरमच्या दहाव्या दिवशी दबीरपुऱ्यातून ‘बीबी का अलम’ हे निशाण हत्तीवरून निघतं. नौहे, म्हणजे शोककाव्यं, चालू असतात, छातीवर पडणाऱ्या हातांची लय हजारोंची एक होते. बाहेरून आलेल्या ध्वनिमुद्रकाच्या कानाला ही पर्वणी. पण इथे जे चाललंय त्याला संगीत म्हटलं तर ते करणारा दुखावेल. मरसिया आणि नौहा वाचला जातो, गायला जात नाही, मग त्यात रागाची छाया कितीही स्पष्ट असो. हा शब्दच्छल नाही. शोकात गाणं बसत नाही, आणि ही सीमा त्या माणसांनी स्वतः आखली आहे. तीच सीमा तेलंगणच्या खेड्यात पीरांच्या सणाला पुसली जाते. तिथे हिंदू गावकरी त्याच मोहरमला डप्पू वाजवून, आगीच्या खड्ड्याभोवती गात नाचतात. आपल्या कडेगावच्या ताबुतांकडे पाहिलेल्याला हेही ओळखीचं वाटेल. एका महिन्याचे दोन अर्थ, आणि दोन्ही खरे. ‘संगीत ही जागतिक भाषा आहे’ हे भाषणात छान वाटणारं वाक्य अशा ठिकाणी फारसं कामाला येत नाही.

शिक्का नसता तर?

आता मोठा आक्षेप. शिक्का खोटा असेल, पण त्याने लोकांना पोट दिलं. नुसरत फतेह अली खान 1985 मध्ये इंग्लंडमधल्या वोमॅड महोत्सवात गायले, मग ‘रिअल वर्ल्ड’ या कंपनीने त्यांच्या रेकॉर्डी काढल्या, आणि कव्वाली हा शब्द ज्यांना माहीत नव्हता अशा लाखोंनी ती ऐकली. हे खरं आहे, आणि ते हलकं करण्यात अर्थ नाही. रॅकशिवाय त्या रेकॉर्डी मागच्या खोक्यातच राहिल्या असत्या. पण त्याच रॅकवर दुसरी गोष्टही घडली. सॉलोमन बेटांवरच्या अफुनाक्वा या बाईने गायलेलं अंगाईगीत ह्यूगो झेम्प या संशोधकाने ध्वनिमुद्रित केलं होतं. 1992 मध्ये ‘डीप फॉरेस्ट’ या फ्रेंच जोडीने ते आपल्या गाण्यात वापरलं, जगभर विकलं. पुढे नॉर्वेच्या यान गार्बारेकने तीच चाल ‘पिग्मी अंगाई’ म्हणून वाजवली. पॅसिफिकमधलं गाणं मध्य आफ्रिकेच्या खात्यावर जमा झालं, आणि चूक श्रोत्यांच्या ध्यानात आली नाही, कारण ऐकणाऱ्याला ‘दूरचं’ एवढंच हवं होतं. म्हणजे कुठून आलं हा एकच प्रश्न विचारणाऱ्या शिक्क्याला त्याचंही उत्तर बरोबर देता आलं नाही. कोणी गायलं आणि पैसे कोणाला, हे तर त्याने विचारलंच नव्हतं.

2023 च्या ऑस्कर समारंभात ‘नाटू नाटू’ला पुरस्कार मिळाला. कीरवाणींचं संगीत, चंद्रबोस यांचे शब्द, गायकांतला राहुल सिप्लीगंज हैदराबादच्या जुन्या शहरातला. हे गाणं ज्यातलं, त्या ‘आरआरआर’ या तेलुगू चित्रपटाला मंचावरच्या सूत्रसंचालकाने बॉलिवूड म्हटलं. तरी एक फरक मोठा होता: पुरस्कार होता ‘सर्वोत्तम मूळ गीत’ या विभागाचा, जिथे लेडी गागा आणि रिहानाही रांगेत होत्या. परदेशी म्हणून वेगळा खण नव्हता. शिक्क्याशिवायही जगाचे कान उघडतात, हे त्यातून दिसतं. फक्त मागे सिनेमाच्या भांडवलाचा डोंगर लागतो, जो बारकसच्या मरफेवाल्याकडे नाही.

दुसरा आक्षेप संवर्धनवाल्यांचा. सगळंच मिसळलेलं असेल आणि गिऱ्हाइकावर चालत असेल, तर जपायचं काय? याचं उत्तर डप्पूच्या कातड्यात आहे. बोनालू आषाढात, गणपती भाद्रपदात, दोन्ही पावसाळ्यात. कातडं ओल धरतं, उतरतं, दर थोड्या वेळाने जाळ करून शेकावं लागतं. फायबरचं पान लावलं की ही कटकट संपते, म्हणून डप्पूवर ते आलं, जसं आपल्या हलगीवर आलं. शुद्धतावादी हळहळतो. पण कातडं कमावण्याचं काम ज्या समाजावर जातीने लादलं, त्याच्या पोराला फायबरमध्ये सुटकाही दिसत असेल, हे हळहळणाऱ्याने लक्षात घ्यायला हवं. महाराष्ट्रात आंबेडकरी चळवळीने गावकीची कामं नाकारली तेव्हा ‘परंपरा बुडते’ अशी ओरड करणारे होतेच. तेव्हा जपायचं ते वाद्याचं कातडं नव्हे. वाजवणाऱ्याला मिळणारी मजुरी, शिकवणाऱ्या हाताला मिळणारा वेळ आणि वाजवायला मिळणारा प्रसंग.

आणि प्रसंगच सध्या हलतो आहे. हैदराबादच्या वरातींत आणि मिरवणुकांत ट्रकवरच्या डीजेने तीनमारचा ठोका मशीनमध्ये भरून घेतला. दहा माणसांच्या पार्टीचं काम एक लॅपटॉप करू लागला, तोही ओवाळणी न मागता. काही उलेमांना लग्नात मरफाही नको आहे आणि डीजेही नको. मग ऑक्टोबर 2024 मध्ये शहर पोलिसांनी धार्मिक मिरवणुकांत डीजेवर बंदी घातली. कारणं आवाजाची, रुग्णांची, म्हाताऱ्यांची होती, संगीताचा त्यात विचार नव्हता. लग्नांना ही बंदी थेट लागू नाही. तरी मरफा आणि डप्पूच्या पार्ट्यांच्या रोजगारावर अशा एका आदेशाचा परिणाम कोणत्याही जागतिक महोत्सवाहून मोठा होऊ शकतो: बंदी नेटाने राबवली गेली तर मिरवणुकीत पुन्हा माणसांचे हात लागतील, आणि मंडळांना त्यांचा बयाणा आधीच द्यावा लागेल.